युरेल पास: मोकळीक कुठे मिळते आणि कुठे नाही

युरोपात रेल्वेने फिरायचं ठरलं की एक प्रश्न हटकून समोर येतो. दोन-तीन महिने आधी एकेका गाडीचं स्वस्त तिकीट काढून ठेवायचं, की युरेलचा ग्लोबल पास घेऊन तिथे गेल्यावर मनात येईल तसं ठरवायचं? मी पास घेऊन फिरले, बरोबर माझी भाची होती, आणि परत आल्यापासून ओळखीतले लोक एकच विचारतात, "घ्यावा का?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये फिरणार असाल तर जरूर घ्या. फ्रान्स, स्पेन आणि इटलीच मुख्य असेल तर आधी काढलेली तिकिटं जास्त सोयीची पडतात. बाकी सगळा तपशील या दोन वाक्यांच्या मधल्या जागेतला आहे, आणि निर्णय तपशिलावरच होतो.

पास म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगते. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल १९५९ पासून आहे. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल १९७२ मध्ये आला, आणि तेव्हा तो फक्त २१ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना मिळायचा. आता दोन्ही पास सगळ्या वयांना मिळतात आणि ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. त्याचे दोन प्रकार. एक सलग चालणारा: पंधरा दिवस, बावीस दिवस, एक महिना, दोन महिने, तीन महिने. दुसरा फ्लेक्सी: एका किंवा दोन महिन्यांच्या मुदतीत चार, पाच, सात, दहा किंवा पंधरा प्रवासाचे दिवस, आणि ते दिवस कोणते हे आपण ठरवायचं. प्रवासाचा दिवस म्हणजे मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत. त्या दिवसात एका गाडीत बसा नाहीतर आठ गाड्या बदला, दिवस एकच धरला जातो. २७ वर्षांपर्यंतच्यांना बऱ्यापैकी सवलत आहे, साठीच्या पुढच्यांना दहा टक्के. आमच्या जोडीत दोन्ही सवलती लागू झाल्या.

आमचे स्वभाव वेगळे आहेत, आणि त्याचा या पासच्या परीक्षणाशी थेट संबंध आहे. मला रात्री कुठे झोपणार हे सकाळी माहीत असावं लागतं. भाचीला सकाळी उठून नकाशा बघायला आवडतो. मी गाड्यांचा तक्ता करायला बसले तशी ती म्हणाली, "मावशी, सगळं आत्ताच ठरवायचं असेल तर पास कशाला? तिकिटंच काढ ना, स्वस्त पडतील." आणि ती बरोबर बोलत होती. आधी काढलेली सवलतीची तिकिटं त्याच गाडीला बांधलेली असतात. गाडी आणि वेळ नक्की असेल तर बहुतेक वेळा पासपेक्षा कमी पैशांत काम होतं. पासचे जास्तीचे पैसे आपण देतो ते ऐनवेळी विचार बदलता यावा म्हणून. तो बदलायचाच नसेल तर ते पैसे फुकट गेले. त्यामुळे पासचं मोल करताना मी एकच कसोटी लावली: ऐनवेळी ठरवलेला प्रवास त्याने खरोखर करू दिला का?

पण आपल्याकडच्या पासपोर्टवर जाणाऱ्यांना ऐनवेळेपर्यंत पोचायच्या आधी व्हिसा आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाची रूपरेषा, राहण्याची सोय आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करायला हवा. तो करायचा त्या देशाकडे, जिथे मुक्काम सर्वांत जास्त. मुक्काम सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्या देशाकडे. म्हणजे आराखडा करावाच लागतो, आणि तो खरा असायला हवा. आम्ही तो जर्मनीभोवती केला, आणि तिथे गेल्यावर जे बदललं ते गावं आणि गाड्या, मुख्य देश बदलला नाही. एवढी चौकट सांभाळली की आतमध्ये भरपूर मोकळी जागा उरते. खोल्या मात्र विनाशुल्क रद्द करता येतील अशाच घेतल्या होत्या. थोड्या महाग पडतात, पण मला रात्रीची निश्चिंती आणि भाचीला सकाळचा नकाशा, दोन्ही त्यातूनच साधलं.

आता मोकळीक जिथे खरी आहे तिथलं सांगते. जर्मनीतल्या जवळपास सगळ्या गाड्यांना, अगदी वेगवान आयसीईलासुद्धा, आरक्षण सक्तीचं नाही. ऑस्ट्रियात रेलजेट या वेगवान गाडीलाही नाही. स्वित्झर्लंडमध्ये देशांतर्गत नेहमीच्या गाड्यांना कुठेच नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या इंटरसिटी गाड्यांचंही तेच. फलाटावर जायचं, फोनमधल्या पासवर ती गाडी टाकायची आणि रिकामी दिसेल त्या जागेवर बसायचं. जागेवरच्या पट्टीवर किंवा पडद्यावर पुढचं कुठलं आरक्षण आहे का ते दिसतं, ते बघून बसावं. शुक्रवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी गर्दी असते. तेव्हा पाच-सहा युरो देऊन जागा राखून ठेवणं मी तरी पसंत करीन, विशेषतः गुडघे कुरकुरत असतील तर.

कोब्लेन्झहून माइन्झला जाताना आम्ही मुद्दाम ऱ्हाईनच्या डाव्या काठाने जाणारी सगळीकडे थांबणारी गाडी घेतली. हा पट्टा २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे: दोन्ही बाजूंना उतारावर द्राक्षमळे, दर वळणाला एखादा किल्ला, आणि खाली पाण्यातून लांबलचक मालवाहू पडाव जाताना दिसतात. कोब्लेन्झला पाऊस होता. बाखाराख जवळ आलं तेव्हा ढग फाटले आणि उन्हात लाकडी चौकटींची ती जुनी घरं एकदम उजळली. भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि आम्ही उतरलो. पाठीवर एकेक पिशवी होती एवढंच. तटबंदीच्या बाजूने चढत वर गेलो, तिथला श्टालेक किल्ला आज युवा वसतिगृह आहे. त्याच्या अंगणातून खाली नदीचं अख्खं वळण दिसतं. तिथे कितीतरी वेळ बसलो. पुढच्या गाडीची चिंता नव्हती, कारण त्या मार्गावर गाड्या येतच राहतात आणि तो दिवस पासवर आधीच सुरू झालेला होता. माइन्झची खोली ठरलेली होती, आणि तिथे आम्ही संध्याकाळ टळून गेल्यावर पोचलो. आधी काढलेलं एखाद्या गाडीला बांधलेलं तिकीट हातात असतं तर मी उतरले नसते. एवढ्यासाठीच मी या पासला मनापासून चांगले गुण देते.

दुसरा अनुभव स्वित्झर्लंडचा, आणि फ्लेक्सी पासचा खरा उपयोग मला तिथे कळला. खूर गावी मुक्काम होता आणि बर्निना मार्गाने तिरानोपर्यंत जायचं होतं. हा रेशियन रेल्वे या स्विस कंपनीचा अरुंद रुळांचा मार्ग. आल्बुला आणि बर्निना असे त्याचे दोन भाग, ते मिळून २००८ मध्ये तो जागतिक वारशात गेला. खूरहून निघालेली गाडी फिलिझूरजवळ लांडवासरच्या ६५ मीटर उंच पुलावर वळत जाते आणि पूल संपताच सरळ कड्यातल्या बोगद्यात शिरते. पुढे बर्निनावर दातेरी रुळाची मदत न घेता सात टक्क्यांपर्यंतचा चढ चढत ती २,२५३ मीटरवर ओस्पिझिओ बर्निनाला पोचते. तिथून उतरत उतरत इटलीतल्या तिरानोला येते, समुद्रसपाटीपासून ४२९ मीटर. खाली ब्रुझिओला रूळ उघड्या मैदानात पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जातात. हे सगळं बघायचं तर आकाश निवळलेलं हवं. ढग असतील तर काचेबाहेर नुसतं पांढरं दिसतं.

बहुतेक सहल कंपन्या बर्निना एक्सप्रेसची तिकिटं विकतात. त्या गाडीला मोठ्या काचांचे डबे आहेत, वेगळं आरक्षण लागतं, वर अधिभार द्यावा लागतो, आणि तारीख आधी ठरवावी लागते. पण त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून दर तासाला साधी प्रादेशिक गाडी जाते. तिला आरक्षण लागत नाही आणि पास पूर्ण चालतो. तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, म्हणजे काचेतल्या प्रतिबिंबाशिवाय फोटो मिळतात आणि बर्फावरचा वारा तोंडावर घेता येतो. पहिल्या सकाळी खूरमध्ये ढग होते. आम्ही पासचा दिवस सुरूच केला नाही. जुन्या गावात पायी भटकलो. दुसऱ्या सकाळी डोंगर स्वच्छ दिसले, दिवस सुरू केला आणि निघालो. आल्प ग्र्युमला उतरून पाल्यूच्या हिमनदीकडे बघत बसलो आणि पुढची गाडी पकडली. आधीच्या दिवसाचं एक्सप्रेसचं तिकीट काढलेलं असतं तर तेवढे पैसे देऊन ढग बघून आलो असतो. ज्यांना एकच दिवस आहे आणि तो बदलता येत नाही त्यांनी एक्सप्रेसची जागा राखावी, त्यात काही गैर नाही. हाताशी दोन-तीन दिवस असतील त्यांनी साध्या गाडीने जावं, हे मी आग्रहाने सांगीन.

आता दुसरी बाजू. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला आरक्षण सक्तीचं आहे, आणि पास असला तरी त्याचे वेगळे पैसे पडतात, साधारण दहा ते वीस युरो. पैशांपेक्षा मोठी अडचण कोट्याची. पासधारकांसाठी गाडीत ठरावीक जागा ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की गाडीत इतर जागा असूनही पासवर मिळत नाहीत, पूर्ण दराचं तिकीट काढावं लागतं. सुट्टीच्या हंगामात गर्दीच्या मार्गांवर हा कोटा कित्येक दिवस आधी संपलेला असतो. युरोस्टारचंही तसंच. लंडनच्या गाडीला पासधारकाला तीस युरोंच्या आसपास किंवा वर मोजावे लागतात, शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा. पूर्वीची थॅलिस २०२३ पासून युरोस्टार या नावाने धावते, त्यामुळे ब्रसेल्सहून पॅरिसला जाताना वेगवान गाडी हवी तर आरक्षण आलंच.

इटलीत फरक आहे. फ्रेचारोसा या तिथल्या वेगवान गाडीलाही आरक्षण सक्तीचं आणि प्रत्येक गाडीमागे दहा युरोंच्या वर खर्च. पण तिथे जागा बहुधा शेवटच्या दिवसापर्यंत मिळते. म्हणजे इटलीत पैसे जातात, फ्रान्समध्ये जागाच जाते. स्पेनच्या एव्हीई या वेगवान गाडीला आरक्षणावाचून फलाटावर जाऊच देत नाहीत, कारण तिथे गाडीत चढायच्या आधी सामानाची तपासणी असते.

या देशांतही आरक्षणाशिवाय जाता येतं, वेळ द्यायची तयारी असेल तर. पॅरिसहून लियाँला टीजीव्ही सुमारे दोन तासांत जाते. पॅरिसच्याच बेर्सी स्थानकातून सुटणारी टीईआर ही प्रादेशिक गाडी दिजाँ करत साधारण पाच तास घेते, पण पासवर तिला वर एक पैसा लागत नाही. मिलानहून व्हेनिसला फ्रेचारोसा अडीच तासांच्या आत नेते. व्हेरोनाला बदलून प्रादेशिक गाड्यांनी गेलं तर साडेतीन तासांच्या पुढे लागतात. एका मोठ्या स्थानकाच्या खिडकीवर आम्हाला "पासच्या जागा संपल्या" एवढंच उत्तर मिळालं, पर्याय कोणी सांगितला नाही. रांगेत आमच्यामागे दोन मुलं होती, त्यांनाही तेच. भाचीने फोनवर सावकाश जाणाऱ्या गाड्यांचा मार्ग शोधला आणि आम्ही अर्धा दिवस घालवून पोचलो. तो प्रवास वाईट झाला नाही. पण खिडकीवरच्या माणसाला हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि पास विकणाऱ्यांनी तर ते जाहिरातीइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. "कुठेही, केव्हाही" हे फ्रान्समध्ये फक्त सावकाश गाड्यांना लागू आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे तिथे गेल्यावर कळणं मला पटत नाही.

रात्रीच्या गाड्या हा माझा आवडता विषय, पण तिथे उत्स्फूर्तपणाला वाव जवळजवळ नाही. जर्मन रेल्वेने आपल्या झोपायच्या गाड्या बंद केल्या तेव्हा ऑस्ट्रियाच्या ओबीबी या रेल्वे कंपनीने त्यातले बरेच मार्ग घेतले आणि डिसेंबर २०१६ पासून नाइटजेट ही तिची रात्रीची गाडी सुरू झाली. झुरिचहून हॅम्बुर्गसारख्या मार्गावर बर्थ हवा तर आठवडे आधी बघावं लागतं. बायकांच्या वेगळ्या कप्प्यातला बर्थ तर आणखी आधी. पासवर प्रवासाचं भाडं सुटतं, बर्थचे पैसे वेगळे द्यावेच लागतात. एक नियम मात्र फार उपयोगाचा आहे: मध्यरात्रीच्या आधी गाडीत बसलात आणि सकाळी उतरलात, मध्ये गाडी बदलली नाही, तर फक्त निघायचा दिवस खर्ची पडतो. सकाळी उतरल्यावर पुढे दुसरी गाडी घेतली तर तो नवा दिवस. म्हणून रात्रीच्या गाडीनंतरचा दिवस आम्ही उतरलो त्याच शहरात ठेवला. खोलीचं भाडं वाचतं, दिवस वाचतो, आणि पहाटे डोळे उघडले की बाहेर दुसराच प्रदेश असतो.

पास आता फोनवरच असतो. रेल प्लॅनर नावाच्या ॲपमध्ये तो टाकायचा, प्रवास निवडायचा, तो पासला जोडायचा; मग क्यूआर कोड तयार होतो आणि तपासनीस तो वाचतो. गाडीत चढायच्या आधी हे करावं लागतं. तपासनीस दिसल्यावर केलं तर ते विनातिकीट धरलं जाऊ शकतं. ॲपमधलं वेळापत्रक इंटरनेटशिवाय चालतं, ही मोठी सोय. पास जिवंत राहायला मात्र फोन दर तीन दिवसांत निदान एकदा इंटरनेटला जोडावा लागतो. अडचण अशी की उशीर, रद्द झालेली गाडी, बदललेला फलाट यांसाठी हे ॲप भरवशाचं नाही. त्यासाठी जर्मनीत तिथल्या रेल्वेचं डीबी नॅव्हिगेटर आणि स्वित्झर्लंडमध्ये एसबीबी या तिथल्या रेल्वेचं ॲप हवंच. फ्लेक्सी पासवर जोडलेला दिवस सुरू होण्याच्या आधी पासवरून काढून टाकता येतो, सुरू झाल्यावर नाही. म्हणून आदल्या रात्री उत्साहात दिवस जोडून ठेवू नये. सकाळी हवा बघून, चहा घेऊन जोडावा.

उशिरांबद्दल एक गोष्ट पासच्या बाजूने सांगायला हवी. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. म्हणजे पुढची गाडी चुकणं ही नेहमीची बाब. सवलतीचं तिकीट असलं आणि उशीर रेल्वेचा असला तर गाडीचं बंधन सुटतं हे खरं, पण ते समजून घेणं, दाखवणं, दुसऱ्या देशातल्या पुढच्या तिकिटाचं काय ते विचारणं यात जीव मेटाकुटीला येतो. पास असला की मागून येणाऱ्या गाडीत बसायचं आणि पुढे जायचं. माझ्या वयाला ही शांतता फार मोलाची वाटली.

पैशांचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा, पण रीत एकच. पासची किंमत प्रवासाच्या दिवसांनी भागायची, सक्तीच्या आरक्षणांचे पैसे त्यात मिळवायचे, आणि त्या दिवसाच्या तिकिटाशी ताडून बघायचं. पासच्या संकेतस्थळावरून आरक्षण केलं तर दर माणशी दर गाडीमागे दोन युरो शुल्क वर लागतं. तासाभराच्या छोट्या प्रवासासाठी पासचा दिवस खर्च करू नये. त्याचं साधं तिकीट काढावं आणि पासचे दिवस लांबच्या पल्ल्यांना राखावेत. शहरातली मेट्रो, ट्राम, बस पासात नाहीत. जर्मन रेल्वेची एस-बान मात्र आहे. इटलीतली इटालो, जर्मनीतली फ्लिक्सट्रेन, फ्रान्स आणि स्पेनमधली स्वस्त वुईगो या गाड्याही पासवर चालत नाहीत. स्थानकाच्या फलकावर त्या बाकीच्या गाड्यांशेजारीच झळकतात, म्हणून चढण्याआधी नाव वाचावं.

आणि काही गोष्टी अशा आहेत की तिथे पास असो वा नसो, आधी ठरवण्याला पर्याय नाही. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक घराची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी, फक्त ऑनलाइन निघतात. दारावर मिळत नाहीत. मिलानला लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' हे भित्तिचित्र बघायला पंधरा मिनिटांचा वेळ मिळतो, तोही थोड्याच माणसांना, आणि त्या वेळा कधीच भरलेल्या असतात. स्पेनमधल्या ग्रानादाच्या आलांब्रा किल्ल्यातल्या नासरी महालांना प्रवेशाची वेळ तिकिटावरच छापलेली असते. खोल्यांचंही तसंच. सप्टेंबरच्या उत्तरार्धात म्युनिकला ऑक्टोबरफेस्ट असतो, ऑक्टोबरात फ्रँकफर्टला पुस्तकजत्रा, डिसेंबरात स्ट्रासबुर्गला नाताळचा बाजार. त्या दिवसांत ऐनवेळी खोली शोधणाऱ्याला एकतर दुप्पट-तिप्पट भाडं भरावं लागतं, नाहीतर गावाबाहेर तासभर लांब राहावं लागतं. हे दिवस आम्ही आधी कागदावर मांडले, खिळ्यांसारखे ठोकले, आणि मधली दोरी सैल सोडली. भाचीला हवं ते सगळं त्या सैल दोरीत सापडलं.

तिचं मत माझ्यापेक्षा थोडं वेगळं आहे, तेही नोंदवते. तिला वाटतं मी खोल्या फार आधी घेतल्या; आठवड्याच्या मधल्या दिवसांत लहान गावांमध्ये संध्याकाळी पोचूनही सहज जागा मिळाली असती. मधल्या दिवसांबद्दल आणि लहान गावांबद्दल मी तिच्याशी सहमत आहे. शनिवारी रात्री मोठ्या शहरात पाठीवर पिशवी घेऊन दारोदार विचारत फिरायची माझी तयारी नाही, आणि तिने ती एकटीने करावी असंही मला वाटत नाही. पुढच्या वेळी आम्ही याहून कमी दिवसांचा फ्लेक्सी घेऊ, बर्निनासारखी एकदोन ठिकाणं हाताशी मोकळे दिवस ठेवून करू, आणि फ्रान्सचा तुकडा असेल तर त्याची तिकिटं सरळ आधी काढू, पास तिथे वापरणारच नाही.

लहान मुलं बरोबर असणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद, कारण सर्वांत जास्त विचारणा त्यांचीच आली. चार ते अकरा वर्षांच्या दोन मुलांचा पास एका मोठ्या माणसाच्या पासबरोबर फुकट मिळतो, पण तो खरेदी करतानाच मागून घ्यावा लागतो; चार वर्षांखालच्यांना पासच लागत नाही. सक्तीच्या आरक्षणाचे पैसे मात्र फुकट पासवरच्या मुलांनाही पडतात, म्हणून वेगवान गाड्यांचा हिशोब मुलांसकट सगळ्यांचा धरा. जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड असा प्रवास असेल तर अशा कुटुंबाला पास फार फायद्याचा पडतो, आणि मूल कंटाळलं की पुढच्या स्थानकावर खुशाल उतरता येतं. पास घेतल्यापासून अकरा महिन्यांत कधीही सुरू करता येतो, आणि सुरू केला नसेल तर काही रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. सवलतीच्या विक्रीत घेतलेल्या पासला ही अट वेगळी असू शकते, ती घेतानाच वाचून घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत पास सुरू करू नका.